स्वभावातला धोका मोजताना : नैराश्याच्या एका प्रश्नावलीचा भाषांतरांतला प्रवास

१९७६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या सिडनी ब्लाट यांनी दोन सहकाऱ्यांसह ६६ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे नाव 'डिप्रेसिव्ह एक्स्पिरिअन्सेस क्वेश्चनेअर'. अभ्यासक तिला डीईक्यू म्हणतात. नैराश्याची प्रश्नावली म्हटली की झोप लागते का, भूक आहे का, रडू येते का असे प्रश्न डोळ्यांसमोर येतात. एरन बेक यांच्या १९६१च्या प्रसिद्ध प्रश्नावलीत ते आहेतच. डीईक्यूमध्ये मात्र लक्षणांची विचारपूस नाही. जवळचे माणूस दुरावेल ही धास्ती, आपणच ठरवलेल्या अपेक्षांना आपण कधी पुरे पडत नाही ही टोचणी, कुणी रागावले तर होणारी घालमेल, अशा अनुभवांची विधाने पुढे ठेवायची आणि ती आपल्याला कितपत लागू पडतात हे एक ते सात या आकड्यांत सांगायला लावायचे. माणूस आज आजारी आहे का, हे तिला जाणून घ्यायचे नाही. कोणत्या स्वभावाचा माणूस उद्या आजारी पडू शकतो, हे तिला शोधायचे आहे.

या फरकामुळे अशा प्रश्नावलीचे भाषांतर तपासणे फार कठीण होते. लक्षणे मोजणाऱ्या प्रश्नावलीला पडताळणीचा एक आधार असतो. तीच व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावी आणि त्याचे निदान प्रश्नावलीच्या गुणांशी जुळते का ते पाहावे. 'पुढे नैराश्य येऊ शकेल असा स्वभाव' याचे निदान आज कोणताही डॉक्टर करून देऊ शकत नाही. ही प्रश्नावली आणि तिच्या जातकुळीतल्या इतर प्रश्नावल्या गेल्या चार-पाच दशकांत हिब्रू, पोर्तुगीज, तुर्की अशा अनेक भाषांत गेल्या. त्या कामाकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते, आणि माझ्या मते तोच या विषयाचा गाभा आहे. शब्द बरोबर उतरले, आकडे जुळले, तरी हा स्वभाव माणसाला धोक्यात घालतो हा मूळ दावा नव्या समाजात खरा ठरतोच असे नाही. आणि बहुतेक पडताळण्या नेमक्या त्या दाव्याच्या उंबरठ्यावर थांबतात.

दावा नीट समजून घ्यायला हवा. ब्लाट मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. १९७४च्या निबंधात त्यांनी नैराश्याकडे नेणाऱ्या दोन वाटा मांडल्या. एका वाटेवरचा माणूस प्रेम, आधार, सहवास यांवर जगतो आणि नाते तुटले की कोसळतो. दुसऱ्या वाटेवरचा माणूस स्वतःचा कठोर न्यायाधीश असतो. अपयश आले की तो स्वतःला नालायक ठरवतो, आणि यश आले तरी त्याचे समाधान होत नाही. मनोविश्लेषण सोडून बोधनिक उपचारपद्धती उभी करणारे बेक १९८३ साली जवळपास याच जागी पोहोचले. संबंधांना सर्वस्व मानणारा स्वभाव आणि स्वायत्ततेला सर्वस्व मानणारा स्वभाव, अशी त्यांची विभागणी होती. ती मोजण्यासाठी त्यांच्या गटाने ६० विधानांची मापनी केली. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन परंपरा स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आल्या, म्हणून या कल्पनेला वजन आले. दोघांचे आणखी एका बाबतीत एकमत होते. स्वभाव एकट्याने आजार घडवत नाही. त्या स्वभावाच्या मर्मावर बोट ठेवणारा प्रसंगही घडावा लागतो. पहिल्याला विरह, दुसऱ्याला अपयश.

आता डीईक्यूच्या गुणांकनाकडे वळू. हा भाग रूक्ष वाटेल, पण भाषांतर करणाऱ्यांची खरी अडचण इथेच सुरू होते. प्रश्नावली तयार करताना ती ५०० विद्यार्थिनी आणि १६० विद्यार्थी यांच्याकडून भरून घेतली होती. त्या उत्तरांच्या घटक विश्लेषणातून तीन घटक निघाले : अवलंबित्व, आत्मटीका आणि स्वतःच्या कर्तबगारीवरचा विश्वास. पण अवलंबित्वाची विधाने वेगळी, आत्मटीकेची वेगळी आणि त्यांची साधी बेरीज, असा मामला नाही. प्रत्येक उत्तर आधी त्या मूळ गटातल्या विद्यार्थिनींच्या सरासरीशी ताडायचे, मग त्यांच्याच उत्तरांतून निघालेल्या भाराने गुणायचे. सर्व ६६ विधाने तिन्ही घटकांत आपापल्या भारासह मोजली जातात. पुरुषांचे गुणही विद्यार्थिनींच्याच भारांनी काढले जातात.

याचा अर्थ असा की जेरुसलेममधल्या गृहिणीचे किंवा लिस्बनमधल्या कारकुनाचे अवलंबित्व ठरवताना १९७०च्या दशकातल्या अमेरिकन विद्यार्थिनींचा समूह प्रत्येक आकड्यात हजर असतो. विधाने भाषांतरित होतात, भार मात्र तसेच येतात. ते तसेच वापरावेत तर नव्या भाषेतल्या उत्तरांचा आतला बांध वेगळा असण्याची शक्यता आपण आधीच नाकारून बसतो. नवे भार काढावेत तर मूळ संशोधनाशी तुलना तुटते, आणि नमुना लहान असेल तर नवे भारही डळमळीत निघतात. कॅनडातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात यावर उपाय शोधले. टोरांटोत मायकेल बॅगबी आणि सहकाऱ्यांनी, तर मॅकगिल विद्यापीठात डार्सी सँटर आणि डेव्हिड झुरॉफ यांनी साध्या बेरजेवर चालणारी सुटसुटीत रूपे तयार केली. आज एखाद्या भारतीय भाषेत हे काम करायचे असेल, तर मी निःसंकोचपणे या सुटसुटीत रूपांपासून सुरुवात करायला सांगेन. मूळ गुणांकन आदरणीय आहे, पण ते प्रवासाला निघण्याच्या बेताने रचलेले नाही.

भाषांतराच्या पद्धतींबद्दल फार रेंगाळण्याची गरज नाही. तिथे बऱ्यापैकी सहमती आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये उलट भाषांतराची पद्धत रूढ केली. इंग्रजीतून मराठी एकाने करावे, त्या मराठीचे इंग्रजी मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने करावे, मग दोन्ही इंग्रजी ताडावीत. तिची उणीवही लवकरच उघड झाली. शब्दाला शब्द ठेवून केलेले अवघडलेले भाषांतर उलटवताना सुरेख जुळते आणि ओघवते भाषांतर नापास होते. म्हणून आता अनेक भाषांतरे, त्यांवर बसून चर्चा करणारी समिती, आणि काही लोकांना विधान वाचून दाखवून 'यातून तुम्हाला काय कळले, ते तुमच्या शब्दांत सांगा' असे विचारणे, या पायऱ्या आवश्यक मानल्या जातात. इंटरनॅशनल टेस्ट कमिशनची मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेची आहेत. यांतली शेवटची पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची. आणि घाईच्या प्रबंधांत पहिली कात्री तिलाच लागते.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची कानडी आणि मराठी मुलांसाठी नवी मांडणी केली. १९४० साली त्यांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक आले. पण बुद्धिमापनात चाचणीकाराच्या हाताशी मुलाचे वय असते. एखादा प्रश्न कोणत्या वयाच्या मुलांना जमतो हे शोधून तो योग्य जागी बसवता येतो. स्वभावाच्या मापनाला असा बाहेरचा गज नाही, म्हणून सगळी भिस्त उत्तरांच्या आपसातल्या नात्यांवर पडते.

ती नाती तपासायला आज संख्याशास्त्राची चांगली हत्यारे आहेत. अंतर्गत सुसंगतीसाठी क्रॉनबॅक यांचा १९५१चा अल्फा गुणांक सर्वांच्या तोंडी असतो. त्याच्यावर विसंबण्याची सवय मात्र मला घातक वाटते. एकच गोष्ट चार तऱ्हांनी विचारली तरी अल्फा उत्तम येतो. विधाने एकमेकांशी जुळतात एवढेच तो सांगतो. ती ज्यासाठी केली त्या गोष्टीशी जुळतात का, याबद्दल तो गप्प असतो. त्यापुढची पायरी म्हणजे दोन भाषागटांत मापन समतुल्य आहे का हे पाहणे. आधी दोन्हीकडे घटकांचा आराखडा तोच आहे का, मग प्रत्येक विधानाचा आपल्या घटकाशी संबंध सारख्याच ताकदीचा आहे का, आणि शेवटी घटकाची पातळी समान असलेल्या दोघांकडून त्या विधानाला सारखेच उत्तर मिळते का. तिसरी परीक्षा पार झाल्याशिवाय 'या समाजात त्या समाजापेक्षा अवलंबित्व जास्त' असे म्हणण्याचा अधिकार मिळत नाही.

ही तिसरी परीक्षा किती खरी आहे हे लक्षणांच्या प्रश्नावल्यांनी दाखवून दिले आहे. लेनोर रॅडलॉफ यांच्या १९७७च्या २० प्रश्नांच्या मापनीत रडण्याचा एक प्रश्न आहे. नैराश्य सारखेच असले तरी पुरुषांपेक्षा स्त्रिया त्याला जास्त वेळा होकार देतात. म्हणजे त्या प्रश्नात नैराश्याबरोबर आणखी काहीतरी मोजले जाते. त्याच मापनीतली चार विधाने सकारात्मक आहेत : आनंद, आशा, जगण्यातली गोडी, इतरांइतकेच आपण चांगले आहोत ही भावना. नोबोरू इवाता यांच्या अभ्यासांत जपानी लोक या चार विधानांना हात राखून उत्तर देतात असे दिसले. स्वतःबद्दल बरे बोलणे आवरते घेण्याची तिथली रीत आहे आणि गुणपत्रकात ती नैराश्य म्हणून जमा होते. लक्षणांच्या मापनात ही गत असेल, तर स्वतःवर किती टीका करता असे विचारणाऱ्या मापनात विनयाची रीत किती मिसळत असेल!

तरीही आत्मटीका त्या मानाने बरा प्रवास करते. स्वतःला न संपणाऱ्या परीक्षेत बसवणारा माणूस अनेक समाजांत ओळखू येतो आणि निराशही आढळतो. खरी कसोटी लागते ती अवलंबित्वाची.

ताकेओ दोई या जपानी मनोचिकित्सकाने १९७१च्या पुस्तकात जपानी माणसाच्या दुसऱ्याच्या मायेवर हक्काने विसावण्याच्या वृत्तीचा विस्ताराने विचार केला. ती वृत्ती तिथल्या निरोगी नात्यांचा पाया आहे, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे जसवंतसिंग नेकी यांनी त्याच दशकात भारतीय रुग्णांच्या संदर्भात हा प्रश्न उचलला. अवलंबून असणे म्हणजे अपरिपक्व असणे, हे पाश्चात्त्य मानसोपचारातले गृहीतक त्यांनी नाकारले. ज्याच्यावर विसंबता येईल असा माणूस होणे, हा आपल्याकडे प्रौढत्वाचा भाग आहे, आणि विसंबणारा व ज्याच्यावर विसंबायचे तो अशा दोघांचा मिळून विचार व्हायला हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. हेझेल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांच्या १९९१च्या लेखाने 'स्व'च्या स्वतंत्र आणि परस्परावलंबी अशा दोन घडणींची चर्चा जगभर नेली. नेकी त्याआधी दीड दशक ते लिहीत होते. या आढाव्यात त्यांचे नाव ठळकपणे असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मराठी घरातला प्रसंग घेऊ. लग्न होऊन सासरी आलेली मुलगी 'घरातल्या कुणाचे मन दुखावले तर मला चैन पडत नाही' या विधानाला सातपैकी सात देते. (हे विधान माझे, कोणत्याही प्रश्नावलीतले नाही.) अमेरिकन मानकांनुसार ती धोक्याच्या टोकाला. पण तिच्या घरात सहापेक्षा कमी देणारी बाईच नसेल, तर हे विधान स्वभावातला फरक मोजतच नाही. ते घराचा नियम नोंदवते. उलट बाजूही तेवढीच खरी. नियम आहे म्हणून त्रास नाही, असे म्हणून मोकळे होणे हा दुसरा अन्याय आहे. त्या घरातली एखादी बाई नाराजीच्या भीतीने आतून पोखरली जात असेल आणि तिला वेगळे काढणारे विधान आपल्याकडे नसेल, तर संस्कृतीचा आदर करण्याच्या नावाखाली आपण तिला नजरेआड केले असे होते.

या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट अमेरिकेतच सापडली. १९९५मध्ये स्टेफनी रूड आणि बोनी बर्नहॅम यांनी आणि त्याच सुमारास ब्लाट यांच्या गटाने अवलंबित्वाच्या घटकाचे दोन भाग वेगळे केले. एक, नेमक्या माणसांशी असलेले जिव्हाळ्याचे नाते आणि ते तुटण्याचे दुःख. दुसरा, कोणीही चालेल पण कोणीतरी हवेच, अशी घाबरी गरज. नैराश्याशी संबंध दुसऱ्याचाच जास्त आढळला. ही विभागणी आपल्या भाषांत सर्वांत उपयोगी पडेल असा माझा कयास आहे, कारण आपल्या समाजातला ओलावा पहिल्या भागात जमा होतो आणि दुसरा भाग स्वच्छ उरतो. पण तो कयासच आहे. मराठी उत्तरांत हे दोन भाग खरोखर वेगळे पडतात का, हे मराठी उत्तरेच सांगतील. त्यासाठी नुसती मूळ विधाने पुरणार नाहीत. इथल्या रुग्णांच्या बोलण्यातून उचललेली नवी विधानेही त्यांत मिसळावी लागतील. विक्रम पटेल यांनी झिंबाब्वेत शोना भाषेतली १४ प्रश्नांची मापनी अशीच लोकांच्या बोलीतून उभी केली होती.

अवलंबित्वाच्या तुलनेत आत्मटीकेची अडचण वेगळी आहे. निराश माणूस स्वतःला दोष देतो. तो आजाराचाच भाग आहे. मग आजारी असताना भरून घेतलेल्या प्रश्नावलीतला आत्मटीकेचा मोठा आकडा स्वभावाचा की आजाराचा? जेम्स कॉयन आणि व्हॅलरी व्हिफन यांनी १९९५मध्ये या सगळ्या संशोधनावर कठोर टीका केली तेव्हा हा मुद्दा पुढे होता. स्वभाव आणि मनःस्थिती यांची सरमिसळ होते, आणि माणूस ज्या परिस्थितीत, ज्या नात्यांत जगतो ती जमेस धरलेली नसते. मला ही टीका आजही बरोबर वाटते. भाषांतरित प्रश्नावलीचे गुण बेक यांच्या लक्षण-प्रश्नावलीशी जुळले की सप्रमाणता सिद्ध झाली, असे ज्या निबंधांत लिहिलेले असते, तिथे बऱ्याचदा एकच गोष्ट दोनदा मोजलेली असते.

म्हणून पडताळणीला काळ हवा. निरोगी असताना प्रश्नावली भरून घ्यावी, वर्ष-दोन वर्षे त्या लोकांचा माग ठेवावा, मधल्या काळात कोणावर काय ओढवले याची नोंद ठेवावी आणि मग कोण आजारी पडले ते पाहावे. प्रसंगांची यादीही उसनी चालत नाही. होम्स आणि राहे यांच्या १९६७च्या ४३ घटनांच्या यादीनंतर गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४मध्ये भारतासाठी ५१ घटनांची यादी केली. मुलीचे किंवा अवलंबून असलेल्या बहिणीचे लग्न, हुंड्यावरून वाद, मुलगा नसणे या गोष्टी तिच्यात आल्या. मुलीचे लग्न हा आनंदाचा प्रसंग ताणाच्या यादीत बसवायला इथलेच संशोधक लागले. ब्लाट आणि बेक यांच्या दाव्याची इथली कसोटी अशा प्रसंगांवर घ्यायला हवी. अवलंबी स्वभावाची आई मुलगी सासरी गेल्यावर खचते का? स्पर्धा परीक्षेच्या निकालानंतर पुण्यातल्या खोलीवर परतलेल्या मुलांत स्वतःला सर्वांत जास्त कोसणारे कोण होते, आणि सहा महिन्यांनी ते कसे आहेत?

महाविद्यालयातले विद्यार्थी सहज मिळतात म्हणून त्यांच्यावरच पडताळणी उरकण्याचा मोह जगभर आहे. मूळ डीईक्यूही त्यातूनच जन्मली. पण आपल्याकडे ज्यांना हे साधन लागणार, त्यांतल्या अनेकांना विधाने वाचून दाखवावी लागतील, आणि सात पायऱ्यांची सहमती कानाने ऐकून आकड्यात सांगणे कठीण असते. गोव्यात पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाच वेगवेगळ्या चाळणी-प्रश्नावल्यांची तुलना केली. तो निबंध २००८मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही प्रश्नावल्या रुग्ण ओळखण्यात बऱ्यापैकी उतरल्या. तरी सर्वांत योग्य छेदगुण धरूनही, आजारी म्हणून निवडलेल्यांपैकी निदानात खरोखर आजारी निघालेल्यांचे प्रमाण ५१ ते ७७ टक्के होते. लक्षणे विचारणाऱ्या, जगभर घासून-पुसून घेतलेल्या साधनांची ही स्थिती. स्वभावाच्या प्रश्नावलीवरून एकट्यादुकट्या माणसाला 'तू धोक्यात आहेस' असे सांगणे मला म्हणूनच गैर वाटते. शाळा-महाविद्यालयांत किंवा नोकरीच्या निवडीत अशी साधने चाळणी म्हणून वापरण्याला माझा विरोध आहे.

मग हा खटाटोप कशासाठी? उपचारांसाठी. अमेरिकेत राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने नैराश्यावरच्या उपचारांची मोठी तुलना केली होती : दोन प्रकारचे मानसोपचार, इमिप्रामिन हे औषध आणि निष्क्रिय गोळी, मुदत १६ आठवडे. ब्लाट यांनी नंतर तिची नोंद पुन्हा तपासली. ज्या रुग्णांत परिपूर्णतेचा हट्ट, म्हणजे आत्मटीकेचीच एक बाजू, आरंभी जास्त होती, त्यांना चारही गटांत कमी फायदा झाला होता. ही खोट मुख्यतः उपचाराच्या उत्तरार्धात दिसली, आणि तिचा धागा उपचारकाशी जुळत जाणाऱ्या नात्यापर्यंत पोहोचत होता. उपचार कोणता यापेक्षा रुग्ण स्वतःशी कसा वागतो, याचा परिणाम मोठा होता.

गोव्यात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा समावेश होता. मानसोपचाराचे औपचारिक शिक्षण नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रांतून सहा ते आठ भेटींचा उपचार दिला आणि तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगला गुण आला. इतक्या थोड्या भेटींत स्वतःला कोसणाऱ्या रुग्णाचे काय होते, हे विचारायला अशी जागा उत्तम आहे. पहिल्या भेटीआधी आत्मटीकेची आणि घाबऱ्या गरजेची मोजकी विधाने कोकणी किंवा मराठीत वाचून दाखवायची, त्याच दिवशीची लक्षणे वेगळी नोंदवायची, आणि तीन महिन्यांनी कोण सुधारले, कोण मध्येच यायचे थांबले ते पाहायचे. लक्षणांची तीव्रता वजा केल्यावरही त्या विधानांवरून पुढचे काही सांगता आले, तर भाषांतर सप्रमाण म्हणता येईल. आणि एखादी समुपदेशिका त्या आकड्याकडे पाहून सहावी भेट शेवटची ठेवायची की आणखी चार वाढवायच्या, हे ठरवू शकेल.